दुखणं अंगावर काढू नका, कामाच्या भाषेत सांगा

प्रश्न थोडक्यात असा: वय ३६. एका कंपनीच्या हिशेब विभागात नऊ वर्षं नोकरी. चार वर्षांपूर्वी रूमॅटॉइड आर्थ्रायटिसचं, म्हणजे सांध्यांना सूज आणणाऱ्या संधिवाताचं निदान झालं. गोळ्या चालू आहेत. सकाळी बोटं आखडलेली असतात, आवरायला वेळ लागतो आणि आठवड्यातून दोन-तीनदा कामावर पोहोचायला उशीर होतो. महिनाअखेरीचं काम अंगावर आलं की पुढचे दोन-तीन दिवस हात कामातून जातात. ऑफिसात यातलं कुणालाच काही माहीत नाही. साहेबांनी बोलावून "हल्ली तुमचं कामात लक्ष नसतं" असं सुनावलं. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "दिसतेस तर अगदी ठणठणीत." तर ऑफिसात सांगावं का? आणि झेपत नसेल तर नोकरी सोडून द्यावी का?

ताई, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आजार बरा झाल्यावर, किंवा तो बरा होणारा नसेल तर त्याच्यासकट, माणसाला रोजची कामं आणि नोकरी कशी करता येईल हे पाहणं हा माझा बावीस वर्षांचा व्यवसाय. तुमच्या पत्रात सांध्यांबद्दल बरंच काही आहे, पण मी अडकले ती एका छोट्या वाक्यापाशी: "ऑफिसात कुणालाच माहीत नाही." म्हणजे चार वर्षं तुम्ही दोन नोकऱ्या करताय. एक हिशेबाची आणि दुसरी आपल्याला काही झालेलं नाही असं दाखवण्याची. फाइल उचलताना चेहरा सरळ ठेवायचा, पेन हातातून पडलं की हसण्यावारी न्यायचं, बाटलीचं झाकण उघडत नाही म्हणून तहान मारायची. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं या दुसऱ्या नोकरीनेच जास्त दमलेली असतात.

आधी सकाळचं बोलू, कारण उशीर तिथून सुरू होतो. या संधिवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर चालून जाते. अस्तर सुजतं, सांध्यात पाणी धरतं. सूज वाढवणारी काही रसायनं, त्यात इंटरल्युकिन-६ हे महत्त्वाचं, पहाटेच्या सुमारास रक्तात जास्त असतात. सूज आवरणारं आपलं स्वतःचं कॉर्टिसॉलही पहाटे वाढतं, पण या सुजेपुढे ते अपुरं पडतं. त्यात रात्रभर सांधे हललेले नसतात. म्हणून उठल्यावर मूठ मिटत नाही, ट्यूबचं झाकण फिरत नाही, बटणं लागत नाहीत. झिजेच्या संधिवातात ही आखड बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटते, तुमच्या प्रकारात ती तासभर किंवा त्याहूनही जास्त राहू शकते. तुम्ही लिहिलंय, "कदाचित मलाच शिस्त नाही." तासभर मूठ न मिटणाऱ्या माणसाने ठरलेल्या वेळेच्या आसपास कामावर पोहोचणं याला किती शिस्त लागते, ते मी रोज पाहते.

थकव्याचंही तेच. हा थकवा झोपून जात नाही, कारण तो नुसत्या कामाचा नसतो. अंगात सतत चाललेली सूज, अनेकदा जोडीला असलेला रक्तक्षय आणि दुखण्यामुळे मोडणारी झोप, असं सगळं मिळून तो येतो. दुपारी तीनच्या सुमारास आकड्यांची ओळ वाचून पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागते, असं तुम्ही म्हणता. साहेबांना जे 'लक्ष नसणं' दिसतंय ते बहुधा हेच आहे.

आता एक गोष्ट मला ऑफिसच्या आधी विचारायची आहे. तुमचा आजार ताब्यात आहे का? चार वर्षं उपचार चालू असूनही आठवड्यातून दोन-तीनदा उशीर होण्याइतकी आखड राहत असेल, तर औषध पुरं पडतंय की नाही हे संधिवाततज्ज्ञांनी नव्याने तपासायला हवं. या आजाराच्या उपचाराची आजची पद्धत अशी: आजार शांत होणं किंवा निदान अगदी सौम्य राहणं हे उद्दिष्ट ठरवायचं, आजार जोरात असेल तर दर एक ते तीन महिन्यांनी तपासायचं, तीन महिन्यांत सुधारणा दिसली नाही किंवा सहा महिन्यांत उद्दिष्ट गाठलं नाही तर उपचार बदलायचे. वर्षानुवर्षं तीच चिठ्ठी पुढे चालवण्याचा हा आजार नाही. पुष्कळ रुग्ण डॉक्टरांसमोरही "ठीक आहे" म्हणतात, कारण त्या दिवशी बरं असतं, किंवा डॉक्टरांचा वेळ घ्यायला संकोच वाटतो. मग डॉक्टरांना वाटतं चाललंय. पुढच्या भेटीत "ठीक आहे" म्हणू नका. "उठल्यापासून मूठ मिटेपर्यंत सत्तर मिनिटं लागतात आणि महिन्यात नऊ दिवस कामावर उशीर झाला" असं सांगा. अशा वाक्यावर डॉक्टरांना निर्णय घेता येतो. मी टेबल-खुर्ची बदलून देऊ शकते, कामाच्या वेळांची मांडणी सुचवू शकते, पण पेटत्या सांध्यावर हे सगळं तोकडं पडतं.

औषधाच्या वाराबद्दलही त्याच भेटीत विचारा. तुम्ही मेथोट्रेक्सेट घेता असं लिहिलंय. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध आहे आणि काहींना घेतल्यानंतरचा दिवस मळमळीत आणि सुस्तीत जातो. तुम्ही रविवारी रात्री घेता, म्हणजे तो दिवस नेमका सोमवारी येतो, आठवड्यातल्या सगळ्यांत गर्दीच्या दिवशी. डॉक्टरांशी बोलून वार बदलता आला तर तो दिवस सुट्टीच्या दिवशी पडेल. वार मनाने बदलू नका आणि एका आठवड्यात दोन डोस तर चुकूनही होऊ देऊ नका, ते जिवावर बेतू शकतं. पण विचारा जरूर. इतकी साधी गोष्ट वर्षानुवर्षं कुणी विचारत नाही, आणि दर सोमवारी माणूस स्वतःला दोष देत बसतो.

आता खुद्द कामाकडे वळते. तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही अभिमानाने लिहिली आहे आणि मला तिचीच सगळ्यांत जास्त काळजी वाटली. तुम्ही म्हणता, "ज्या दिवशी बरं असतं त्या दिवशी मी दुप्पट काम उरकते, म्हणजे वाईट दिवस आला तर बोलणी खावी लागत नाहीत."

एका प्रयोगशाळेत काम करणारे गृहस्थ माझ्याकडे येत असत. आजार तुमचाच. अंगठ्याच्या मुळाशी सूज. त्यांचं काम पिपेटचं, म्हणजे द्रव मोजून ओढायच्या नळीचं: अंगठ्याने दट्ट्या दाबायचा आणि सोडायचा, दिवसभरात शेकडो वेळा. मी त्यांना माझ्यासमोर रिकामी पिपेट चालवून दाखवायला सांगितली. दहाव्या-बाराव्या वेळेला अंगठा दाबायचं सोडून ते मनगट वाकवून खांद्यातून जोर लावू लागले, आणि हे त्यांना स्वतःला कळतही नव्हतं. बरा दिवस आला की ते उद्याचे नमुनेही आजच संपवत. उद्याचा भरवसा काय, असा त्यांचा हिशेब होता. आम्ही तीन आठवड्यांची नोंद ठेवली तेव्हा कागदावर स्वच्छ दिसलं: एकवीस दिवसांतले सहा वाईट दिवस, आणि त्यातले पाच दुप्पट कामाच्या दिवसानंतर लगेच आलेले. ज्या उद्याच्या भीतीने ते आज राबत होते, तो उद्या ते स्वतःच घडवत होते. पुढे आम्ही नमुन्यांची रोजची वरची मर्यादा ठरवली, बऱ्या दिवशीसुद्धा ती ओलांडायची नाही. बटण दाबलं की आपोआप भरणारी इलेक्ट्रॉनिक पिपेट त्यांच्याच संस्थेत शेजारच्या खोलीतल्या कपाटात पडून होती. ती मिळायला एक अर्ज पुरला. त्या अर्जासाठी त्यांना आजाराबद्दल तोंड उघडावं लागलं, आणि तिथेच त्यांची दोन वर्षं गेली होती.

सांगायचं हे की मर्यादा बऱ्या दिवसाला घालायची असते. वाईट दिवस स्वतःच मर्यादा घालतो, त्याला आपली गरज नाही. आज अंगात बळ आहे, मनही उभारीत आहे, कामं साचली आहेत, अशा वेळी साडेचारला फाइल बंद करणं फार जड जातं. मी माझ्या रुग्णांना घड्याळावर थांबायला सांगते, दुखण्यावर नाही. दुखेपर्यंत करायचं आणि मग थांबायचं, यात थांबायला नेहमी उशीर झालेला असतो. टंकन पंचवीस-तीस मिनिटं, मग दोन-तीन मिनिटं हात सोडून बोटं उघडमीट करायची, मनगट हलवायचं, उठून दोन पावलं टाकायची. मग वाचण्याचं काम, मग पुन्हा टंकन. एकाच हालचालीचं काम सलग न करता कामांची अदलाबदल केली, तर दिवसभरात तेवढंच काम होतं आणि संध्याकाळी बोटं मिटतात.

तुमच्या टेबलावरचं सांगायचं तर मोठ्या सांध्याने होणारं काम लहान सांध्याला करू द्यायचं नाही, एवढं सूत्र धरा. फाइल बोटांच्या चिमटीत न उचलता दोन्ही हात खाली घालून कोपरापर्यंतच्या भागावर तोलून छातीशी धरा. खण बोटांनी ओढू नका, खणाच्या मुठीला पट्टी बांधून पूर्ण हाताने ओढा. पेनावर जाड रबरी मूठ चढवा, बारीक पेनाला बोटं जास्त आवळावी लागतात. हाताने दाबायचा स्टेपलर टेबलावर ठेवून तळहाताच्या टाचेने दाबा, किंवा विजेवर चालणारा मागा. कीबोर्ड सपाट ठेवा, मागचे पाय उघडू नका, मनगट वर वाकून राहतं. काहींना उभा माउस सोसतो, काहींना मुळीच नाही, म्हणून विकत घेण्याआधी आठवडाभर कुणाचा तरी वापरून पाहा. लांबलचक टिपणं बोलून लिहिण्याची सोय आता बहुतेक संगणकांत आणि फोनमध्ये असते, मराठीसुद्धा बऱ्यापैकी उतरते. जड खतावण्या खालच्या कप्प्यात असतील तर त्या कमरेच्या उंचीला आणून ठेवा. मनगटाचा पट्टा डॉक्टर किंवा थेरपिस्टकडून मापाचा घ्या आणि कामापुरता बांधा, दिवसभर बांधून ठेवला तर स्नायू ढिले पडतात.

यातलं पाऊण काम कुणालाही न विचारता करता येतं. उरलेल्या पाव भागासाठी तोंड उघडावं लागेल. तर सांगावं का?

माझं मत: तुमच्या परिस्थितीत सांगावं. सगळ्यांना नाही आणि सगळं नाही. पण साहेबांनी तुम्हाला बोलावून कामाबद्दल नापसंती दाखवली आहे, म्हणजे तुमच्या न सांगण्याची जागा त्यांनी स्वतःच्या समजुतीने भरायला सुरुवात केली आहे. ही समजूत अप्रेझलच्या कागदावर उतरली की खोडायला फार कष्ट पडतात. ज्याचा कामावर काहीच परिणाम होत नाही, असा आजार सांगितलाच पाहिजे असं मी कुणाला म्हणत नाही. तो ज्याचा त्याचा खासगी विषय. आजार कळल्यावर माणसाला बाजूला सारणारे साहेबही मी पाहिले आहेत, त्यामुळे "सांगितलं की सगळं सुरळीत होतं" असं खोटं आश्वासन देणार नाही. म्हणूनच कसं सांगायचं याला महत्त्व आहे.

बहुतेक जण सांगतात ते दवाखान्याच्या भाषेत. "मला रूमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, सीआरपी वाढलेलं आहे, फार त्रास होतो." ऐकणाऱ्याला वाईट वाटतं, तो म्हणतो, "काळजी घ्या," आणि संभाषण संपतं. त्याने करायचं काय, हे त्याला कळलेलंच नसतं. काही जण रडतात, मग साहेब घाबरतात आणि जबाबदारीचं काम काढून घेतात, त्यांच्या मते दयेपोटी. सांगायचं ते कामाच्या भाषेत. कोणत्या वेळी कोणतं काम अडतं, किती अडतं, काय केलं तर अडणार नाही आणि मी कोणती जबाबदारी पूर्ण घेते, एवढंच. आजाराचं नाव सांगायचं की "सांध्यांचा दीर्घकाळ चालणारा आजार" म्हणायचं, हे तुम्ही ठरवा.

तुमच्यासाठी मी साधारण असं लिहीन:

"मला सांध्यांचा दीर्घकाळचा आजार आहे, उपचार चालू आहेत. सकाळी सुमारे तासभर बोटांची हालचाल नीट होत नाही, त्यामुळे काही दिवस वेळेवर पोहोचणं अवघड होतं. माझी कामाची वेळ एक तास पुढे सरकवून संध्याकाळी तेवढाच वेळ जास्त थांबण्याची परवानगी मिळावी. महिनाअखेरीचं जुळवणीचं काम शेवटच्या तीन दिवसांत एकदम करण्याऐवजी मी वीस तारखेपासून रोज थोडं सुरू करेन, त्यासाठी शाखांकडून आकडे आठवड्याला मिळावेत. महिन्याचं काम ठरलेल्या तारखेला पूर्ण होईल. ही व्यवस्था तीन महिने करून पाहू आणि मग आपण बसून आढावा घेऊ."

'तीन महिने करून पाहू' हे शब्द गाळू नका. कायमची सवलत द्यायला कुठलाही साहेब कचरतो, कारण उद्या दहा जण मागतील असं त्याला वाटतं. ठरावीक मुदतीचा प्रयोग त्याला करून पाहावासा वाटतो, आणि तीन महिने काम वेळेवर झालं की तो आपणहून विषय काढत नाही. महिनाअखेरीची मागणीही नीट पाहा. तिच्यात सूट मागितलेली नाही, कामाची रांग बदलायला सांगितली आहे. विभागाचाही त्यात फायदा आहे, शेवटच्या तीन दिवसांची धावपळ सगळ्यांचीच कमी होते.

बोलण्याची वेळ तुम्ही निवडा. बोलणी खाताना त्याच बैठकीत "मला आजार आहे" म्हटलं तर ते सबबीसारखं ऐकू येतं, खरं असलं तरी. दोन-चार दिवस जाऊ द्या, बऱ्या दिवशी, दुपारच्या आधी पंधरा मिनिटं मागून घ्या. बोलणं झालं की त्याच दिवशी "आपलं असं ठरलं" म्हणून दोन ओळींचा मेल पाठवा. साहेब बदलतात, मेल राहतो.

डॉक्टरांचं पत्रही असंच मागा. नुसतं 'अमुक आजाराने ग्रस्त, विश्रांतीची गरज' या सर्टिफिकेटने रजा मिळते, काम सोपं होत नाही. ब्रिटनमध्ये २०१० साली जुनी आजारपणाची चिठ्ठी बदलून 'फिट नोट' आणली गेली. तिच्यात डॉक्टरांनी खूण करायचे चार पर्याय असतात: कामावर टप्प्याटप्प्याने परतणं, कामाचं स्वरूप बदलणं, कामाच्या वेळा बदलणं आणि कामाच्या जागेत सोयी करणं. ती चिठ्ठी वापरात असो वा नसो, हे चार मथळे कुठेही उपयोगी पडतात. तुमच्या डॉक्टरांना विचारा, "या चारपैकी मला काय लागेल ते लिहून द्याल का?" तुमच्या बाबतीत तिसरा आणि चौथा.

खर्चाची भीती घालतात तेव्हा हेही माहीत असू द्या. अमेरिकेत जॉब अकोमोडेशन नेटवर्क नावाची सेवा १९८३ पासून मालकांना आणि कर्मचाऱ्यांना अशा सोयींबद्दल सल्ला देते. त्यांनी मालकांनाच विचारून गोळा केलेल्या माहितीत दिसतं की जवळपास निम्म्या सोयींना एक पैसाही खर्च आला नाही. वेळ सरकवणं, जागा बदलणं, कामांची अदलाबदल, यांना खर्च येणार तरी कुठून?

कायद्याचं थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात कामाच्या ठिकाणी वाजवी सोयी मिळण्याचा हक्क मान्य केला आहे. अमेरिकेचा १९९० चा कायदा, ब्रिटनचा २०१० चा आणि भारताचा २०१६ चा, या सगळ्यांत तीच कल्पना आहे. अमेरिकेच्या कायद्यात २००८ साली दुरुस्ती होऊन मधूनमधून उफाळणारे आजारही स्पष्टपणे त्यात आले. भारताच्या कायद्यात २१ प्रकार दिलेले आहेत, त्यात मल्टिपल स्क्लेरॉसिस (मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार), पार्किन्सन्स, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकल सेल हेही येतात, आणि नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही. तुमचा आजार यात कुठे बसतो हे सांध्यांवर झालेल्या परिणामावर ठरेल. कायदा माहीत असावा, पण पहिल्याच भेटीत काढू नये. आधी मेल, मग एचआर, आणि दोन्हीकडे दाद लागली नाही तर वकील.

तुमच्यासारखा प्रश्न वेगळ्या आजाराच्या लोकांकडूनही येतो, म्हणून दोन शब्द. दवाखान्याच्या भाषेतून कामाच्या भाषेत आणण्याचं काम प्रत्येक आजारात करता येतं. मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या माणसाला अंगाचं तापमान थोडं वाढलं तरी दिसायला किंवा चालायला त्रास होऊ शकतो, व्यायामानंतर दिसणं असं अंधुक होतं हे उथॉफ या डॉक्टरांनी १८९० मध्येच नोंदवून ठेवलंय. त्याची मागणी काय, तर खिडकीच्या उन्हातली जागा बदलून थंड कोपरा. आतड्याच्या सुजेच्या आजारात स्वच्छतागृहाजवळची जागा आणि लांब बैठकीतून न विचारता उठायची मुभा. हिमोडायलिसिस चालू असेल तर साधारणपणे आठवड्यातून तीनदा, दर वेळी चारेक तास जातात, तेव्हा वेळापत्रक त्याभोवती बांधायचं. अपस्माराच्या रुग्णाला जागरणाने झटके येऊ शकतात, म्हणून रात्रपाळी टाळायची, आणि शेजारच्या एकाला तरी माहीत हवं की झटका आला तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला तर रुग्णवाहिका बोलवायची. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम साखर देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची, हेही सोबतच्याला ठाऊक असावं. या शेवटच्या दोन आजारांत सहकाऱ्याला सांगणं जिवासाठीच लागतं, तिथे संकोच नको.

तुमच्या मैत्रिणीचं वाक्य तुम्हाला साहेबांच्या बोलण्याहून जास्त लागलंय, हे पत्रात दिसतं. "दिसतेस तर ठणठणीत." तिने वाईट हेतूने म्हटलं असेल असं मला वाटत नाही. प्लास्टर दिसतं, सूज आतली असली की दिसत नाही. तिला एक वाक्य पुरे: "हो, दिसत नाही, पण सांध्यांचा आजार आहे, कधी चांगला दिवस असतो, कधी हात चालत नाहीत." पुढे ती घरगुती उपाय सुचवेल, कुणाच्या तरी मावशीला कशाने बरं वाटलं ते सांगेल. ऐकून घ्या, औषध मात्र थांबवू नका. आणि तिने "काही मदत लागली तर सांग" म्हटलं तर "काही नको गं" म्हणू नका. "वरच्या कपाटातली फाइल काढून देत जाशील का?" म्हणा. नेमकं काम सांगितलं की लोक खरंच करतात. बदल्यात तिचं एखादं काम तुम्ही करा, तुम्हालाही मिंधेपणा वाटणार नाही.

राहिला राजीनाम्याचा प्रश्न. दुखणं जोरात असताना तो निर्णय घेऊ नका. त्या दिवसांत सगळंच अशक्य वाटतं आणि ते साहजिक आहे. या आजारात नैराश्यही इतरांपेक्षा जास्त आढळतं. सकाळी उठावंसं न वाटणं, आवडीच्या गोष्टींतही मन न लागणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर तेही डॉक्टरांना सांगायचं लक्षण आहे, स्वभाव नव्हे. नोकरी गेली की पगाराबरोबर काही वेळा विमा जातो आणि औषधाचा खर्च तर तसाच राहतो, हेही हिशेबात धरा. तुम्ही हिशेब विभागातल्या आहात, तुम्हाला मी काय सांगू. आधी उपचाराचा फेरविचार आणि त्याचे तीन महिने, मग कामातला बदल आणि त्याचे तीन महिने. दोन्ही करूनही हात साथ देत नसतील, तर त्याच कंपनीत हाताला कमी ताण देणारं काम, तपासणीचं किंवा नवीन लोकांना शिकवण्याचं, मिळतं का ते विचारायचं. त्याच्याही पुढे नोकरी सोडायची वेळ आलीच तर ती सोडण्यात कमीपणा नाही, मी अनेकांना सोडायला सुचवलंही आहे. पण तुम्ही अजून तिथवर आलेल्या नाही. तुम्ही अजून कुणाला काही मागितलेलंच नाही.

डॉक्टर आणि साहेब, दोघांकडेही जाण्याआधी दोन आठवड्यांची नोंद हातात हवी. साधी वही घ्या, पाच रकाने पाडा. उठल्यावर मूठ पूर्ण किती वाजता मिटली. कामावर किती वाजता पोहोचलात. टंकनाचे तास. दुपारी तीनला थकवा शून्य ते दहा यांत किती. आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवशी कोणतं काम अडलं, एका शब्दात. रोज दोन मिनिटांचं काम आहे, हात दुखत असेल त्या दिवशी फोनमध्ये बोलून ठेवा. पहिली नोंद उद्या सकाळची.